गादीवर गुलाबी जोडे

जबलपूरच्या बड़ा फुहाऱ्यात, भर बाजारात, भय्यासाहेबांचं साड्यांचं दुकान कोणालाही विचारा, सांगतील. पायऱ्या चढून आत गेलं की समोर पांढरीशुभ्र गादी, डाव्या हाताला माडीवर जायचा जिना, अन् जिन्याखाली विनताचं टेबल. वर एक पिवळा बल्ब, बाजूला पिकोची मशीन, अन् पायाशी बादली. बादलीत फॉल भिजत घातलेले. नवा फॉल पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय विनतानं साडीला लावला, असं आजवर झालं नाही. लगीनघर दारात येऊन ओरडलं तरी नाही.

"उद्या धुतल्यावर फॉल आखडला तं साडी तुमची गोळा होईन, अन् नाव माझं जाईन," एवढं म्हणून ती परत सुईत मान घालायची.

अन् टाका काय सांगावा! साडी उलटी करा, सुलटी करा, दारात नेऊन उन्हात धरा. सुलट्या बाजूनं एक टाका दाखवून द्या, म्हणाल ते हरायला तयार. कापडाचा एक धागा सुईवर घ्यायचा, शेजारच्याला धक्का लावायचा नाही. असा हात अख्ख्या जबलपुरात नाही. जबलपुरात काय, नागपुरातही नसेल. असला तर आणून दाखवा.

लग्न तिनं केलं नाही. काहून केलं नाही, हे विचारायची नातेवाइकांत कोणाची हिंमत नाही. जीभ सुईपेक्षा तेज. थोरल्या भावाच्या, श्रीरंगच्या घरी राहायची, सकाळी डबा घेऊन निघायची, अन् दिवे लागले की परत यायची. घरी ती कोणाची आत्या, कोणाची नणंद. जिन्याखाली मात्र ती विनता. तिथं लोक तिला विचारून बसायचे.

तर त्या जिन्याखालीच एक दिवस भय्यासाहेब येऊन उभे राहिले. मोठा माणूस, मराठ्यांच्या काळापासूनचं घराणं, बोलणं एकदम गोड.

"विनताताई, एक सांगायचं होतं."

"सांगा न."

"आजकालच्या पोरी साडी नेसतात का, बोला? अन् ज्या नेसतात त्यांना फॉल लागलेली, पिको झालेली साडी मिलमधूनच येऊन राहिली. तुमच्या टेबलाशी दिवसभर माशी बसत नाही. तो मोबाईलच्या कव्हरवाला ही जागा मागून राहिला. दिवाळीनंतर त्याला द्यावी म्हणतो."

विनतानं दातानं दोरा तोडला. "अन् मी कुठं बसू?"

"घरी बसा. आराम करा. श्रीरंगभाऊ आहेत न!"

श्रीरंगभाऊ होतेच. भाकरीची चिंता कधीच नव्हती. पण त्या संध्याकाळी विनता घरी आली, चहाला हात लावला नाही, अन् भावासमोर बसून म्हणाली, "दादा, दिवाळीच्या आत मला नवं काम पाहिजे. हाताचं. असं काम, की भय्यासाहेबांची मला ऊठ म्हणायला जीभ उचलू नये."

"झालं समज," श्रीरंग म्हणाला.

आता हा श्रीरंग कोण, तेही सांगितलं पाहिजे. फॅक्टरीत मिलिटरीच्या ट्रकचे हुड शिवायच्या सेक्शनला. दहावीच्या पुढं गेला नाही, पण ताडपत्रीवर त्याचा टाका पडला की साहेब लोक बोटानं ओढून बघायचे अन् बोट चोळत निघून जायचे. 'बघतो', 'विचारतो' असले शब्द त्याच्या तोंडात नाहीत. अन् त्याची पोरगी सुखदा बॅले शिकत होती. हो, बॅले. सिविल लाइन्सच्या एका जुन्या बंगल्यात अवंतिका मॅडम शिकवायच्या. मॅडम इथल्याच मराठी घरातल्या, बाहेरून शिकून आलेल्या. नातेवाईक म्हणाले, पोरीला कथक लाव, हे काय विलायती काढलं? श्रीरंग म्हणाला, "कथक तर गल्लीतली प्रत्येक पोरगी करते. माझी पोरगी जे करेल ते घराण्यात पहिल्यांदा करेल."

त्या साली सुखदा अन् तिच्या सोबतच्या पोरींना पहिल्यांदा टोकाचे बूट मिळाले. पॉइंट शूज म्हणतात त्याला. बाहेरून गुलाबी साटीन, आतून जाड अस्तर, अन् बोटांपाशी लाकडासारखं टणक, म्हणजे पोरीनं त्या टोकावर उभं राहायचं. पण नवे बूट येतात ते बोडके. फीत वेगळी, इलॅस्टिक वेगळं. दोन्ही आपल्या हातानं शिवावं लागतं, कारण प्रत्येकीचा पाय वेगळा. मॅडमनं वर्गात फीत कुठं लावायची ते एकदा दाखवलं अन् म्हणाल्या, "अपनी-अपनी मम्मी से सिलवाकर लाना."

बाहेर व्हरांड्यात मम्म्या एकमेकींकडे बघत उभ्या. एकीला बटण लावता येईल तर शपथ. त्यात शर्मिलाजी नावाच्या एक बाई, गाडीतून येणाऱ्या, त्या म्हणाल्या, "मुझसे तो सुई में धागा भी नहीं जाता."

श्रीरंगला ही हाक देवाचीच वाटली. छाती काढून पुढं झाला. "चिंता मत करो जी! मेरी बहन है, बड़े फुहारे में बैठती है. उसके जैसा हाथ पूरे एमपी में नहीं. सबके जूते मुझे दे दो."

आणि दिलेही. पिशवी भरून गुलाबी बूट घेऊन श्रीरंग घरी आला अन् बहिणीच्या पुढ्यात ओतले.

विनतानं एक बूट दोन बोटांनी उचलला. "हे काय?"

"तुझं नवं काम."

"जोडे शिवायला मी काय मोची आहे?"

"साटीन आहे, बघ तं खरं! फीत लावायची, इलॅस्टिक लावायचं."

"कसं लावायचं? मॅडम काय बोलल्या?"

"मजबूत," श्रीरंग म्हणाला. "मजबूत लावा म्हणाल्या. पोरगी उभी राहणार आहे त्याच्यावर."

मॅडम आणखीही बरंच बोलल्या होत्या. पण श्रीरंग तेव्हा व्हरांड्यात मम्म्यांना हुडबद्दल सांगून राहिला होता.

विनतानं आधी फीत अन् इलॅस्टिक भिजवलं, वाळवलं. ते तिच्या हाताला सांगावंच लागलं नाही. मग सुखदाचा जोड घेतला अन् बारीक सुई काढली. श्रीरंग हसला. "या सुईनं? ही काय पैठणी आहे? थांब." त्यानं आपला फॅक्टरीचा मेण लावलेला दोरा काढला, दाभणासारखी सुई काढली, तळहाताला चामडं बांधलं. विनतालाही वाटलं, साडीचं आपल्याला कळतं, बुटाचं दादाला कळत असेल. एक बूट त्यानं शिवला, दुसरा तिनं त्याच्यासारखाच शिवला. आरपार, वरून खाली, खालून वर, गाठीवर गाठ. ओढून बघितलं तर बूट फाटेल पण फीत निघणार नाही.

"अशी वस्तू विलायतेतही मिळायची नाही," श्रीरंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सुखदानं बूट घातले. मॅडम वाकल्या, बुटाच्या तोंडाशी जी बारीक दोरी असते ती ओढून बूट पायाबरोबर आवळायला लागल्या. दोरी हलेना. जोरानं ओढली. हलेना. बूट टाचेला असा उघडा राहिला की आत लिंबू मावलं असतं. सुखदा भिंतीचा बार धरून टाचा उचलायला गेली अन् टाचच बाहेर आली. वरून साटीनवर मेणाच्या दोऱ्याचे काळे टाके, मुंग्यांची रांग लागावी तसे.

"ये किसने सिला है?" मॅडम म्हणाल्या. "ट्रक का हुड है क्या?"

"हुडच शिवतो जी आम्ही!" श्रीरंग दारातून बोलला. "एक बूंद पानी अंदर नहीं जाता!"

पोरी खो खो हसल्या. सुखदा रडायला लागली. अन् शर्मिलाजी पुढं आल्या, "भैया, मेरी बेटी के जूते वापस दे दीजिए." एकीनं मागितले की सगळ्यांनी मागितले. बघता बघता श्रीरंगच्या हातातली पिशवी रिकामी.

विनता कोपऱ्यात उभी होती. भावाबरोबर हौसेनं आली होती, नवी साडी नेसून. तिनं रिकामी पिशवी बघितली, अन् तिच्या डोळ्यांपुढं जिन्याखाली मोबाईलची कव्हरं लटकायला लागली. दुसरी कोणी असती तर भावाला तिथंच चार शब्द सुनावून रिक्षात बसली असती. विनता चपला काढून हॉलमध्ये शिरली.

"मॅडम, तुमचा स्वतःचा जुना जोड असेल तर दाखवता? फक्त बघते."

मॅडमनं आत जाऊन आणला. विनता जमिनीवर बसली, बूट मांडीवर घेतला, अन् साडीचा पोत बघावा तसा आतून-बाहेरून बोट फिरवलं. बुटाच्या काठावर बोट थांबलं. काठाच्या आत एक पोकळ नळी होती अन् नळीतून दोरी फिरवलेली.

"अगं माय! हा तं नेफा आहे!"

"क्या?" मॅडम म्हणाल्या.

"नेफा! परकराचा नेफा, अन् ही त्यातली नाडी. नेफ्यावर कोणी टाका घालतं का? नाडी शिवून टाकली तं परकर कमरेवर राहीन कसा?" ती भावाकडे वळली. "दादा, आपण दोघांनी मिळून परकराची नाडी शिवून ठेवली!"

"तेव्हा ते कोणी सांगितलं नाही," श्रीरंग म्हणाला.

मॅडमला हसू आलं. मॅडमची मराठी अर्धीमुर्धी, पण नेफा त्यांना कळला. "बरोबर, आत्या. दोरी को छोड़ना है. अन् सुई बाहर नाही आली पाहिजे. सिर्फ अंदर का कपडा पकडायचा."

"म्हणजे फॉलच की!" विनता म्हणाली. "उलटी साडी आहे ही. मला पहिल्यांदाच असं सांगितलं असतं तर! कात्री द्या कोणी."

मेणाचा दोरा उसवायला घाम निघाला. श्रीरंगनं घातलेल्या गाठी काय सहजी सुटतात! विनता एकेक गाठ पिननं उचलून कापत होती अन् भावाला टोमणे देत होती, "लढाई संपेन, ट्रक मोडीत जाईन, पण तुझा टाका तसाच राहीन." दाभणानं साटीनला भोकं पडली होती. तिनं फितीच्या कापलेल्या टोकातून तिचाच गुलाबी धागा ओढून काढला अन् त्या धाग्यानं भोकं रफू केली.

मग सुखदाला समोर बसवलं. टाचेचा भाग आत दुमडून बघितला, दुमड जिथं पडली तिथं फीत ठेवली, पायाच्या वळणाप्रमाणं जरा पुढं झुकवली. टोक दुमडून तीन बाजूंनी बारीक टाके घातले, नेफ्याची बाजू तेवढी मोकळी सोडली. इलॅस्टिक टाचेशी लावायच्या आधी घोट्याभोवती धरून आत स्वतःचं बोट घालून बघितलं, ब्लाउजची बाही बघतात तसं.

"काचतं का गं?"

"थोडंसं, आत्या."

"थोडंसं नाही चालत. काचतं का नाही काचतं?"

"काचतं."

"हां, असं बोल." तिनं सैल केलं, परत धरलं.

बूट तयार झाला. मॅडमनं दोरी ओढली, ती सर्रकन आली. बूट पायाला बसला जसा काही पायावरच उगवला. मॅडमनं तो हातात घेतला, बाहेरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"टाके कहाँ हैं?"

"आहेत न," विनता म्हणाली. "शोधा."

मॅडमला सापडले नाहीत. शर्मिलाजींनी चष्मा लावून शोधले, त्यांनाही नाही. श्रीरंग दारात उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर तेज काय आलं म्हणता! जसं काही त्यानं सकाळपासून हेच ठरवून ठेवलं होतं.

"बाकी सब के भी आप ही सिल दीजिए," मॅडम म्हणाल्या. "इथेच बसा, मी टेबल देते."

विनता उठली, साडी झटकली. "शिवते. पण इथं नाही. माझ्या टेबलावर या. बूट एकटे पाठवायचे नाहीत, पोरगी सोबत पाहिजे. ब्लाउजचं माप कोणी कुरियरनं पाठवतं का?"

बाहेर आल्यावर श्रीरंग म्हणाला, "अगं, मॅडम चांगली जागा देऊन राहिल्या होत्या. पंखा होता."

"इथं बसले तर मी मॅडमची शिवणवाली. तिथं बसले तर जिना माझा. तुला कळायचं नाही, तू हुड शिव."

रविवारी बड़ा फुहाऱ्यात गाड्या लागल्या. पोरी उतरल्या, मम्म्या उतरल्या, अवंतिका मॅडमही आल्या. जिन्याखाली एवढ्या जणी मावणार कुठं? फरशीवर बादलीचं पाणी सांडलेलं. विनता म्हणाली, "बसा गादीवर, पाय पसरा." पोरींनी बूट काढले अन् त्या पांढऱ्या गादीवर ठेवले.

भय्यासाहेब गल्ल्यावरून ताडकन उठले.

"गादीवर जोडे? अहो विनताताई, आजोबांच्या काळापासून मोठमोठ्या लोकांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आहेत! लक्ष्मी बसते इथं!"

"हे जोडे अजून मातीला लागलेच नाहीत, भय्यासाहेब. साटीन आहे, अस्तर आहे, फीत आहे. सगळं कापडच न! अन् गादी कापडाचीच."

"जोडा तो जोडा. नाही म्हणजे नाही."

विनतानं वाद घातला नाही. दुकान त्यांचं, गादी त्यांची, लक्ष्मीही त्यांचीच. तिनं सुया, दोरे, कात्री पदरात घेतली, देवापुढची जळती उदबत्ती उचलली अन् म्हणाली, "चला गं पोरींनो, पायरीवर."

दुकानाच्या बाहेरच्या पायऱ्यांवर एक सतरंजी टाकली अन् काम सुरू झालं. पोरी ओळीनं पाय पसरून बसल्या. विनता फितीचं टोक उदबत्तीच्या निखाऱ्याला लावायची, टोक वितळून बंद व्हायचं, मग पुन्हा धागा सुटायचा नाही. दुमड, फीत, टाका. "काचतं का?" "नाही, आत्या." पुढची ये. रस्त्यानं जाणारी बाई थांबली, मग दुसरी थांबली. भाजी घेऊन आलेला जवळच्या पनागर गावचा एक माणूस टोपली खाली ठेवून बघत बसला. "ये क्या चीज़ है दीदी?" "पाँव की उँगली पे खड़े होने के जूते." "उँगली पे? सर्कस है क्या?" "घरी गेल्यावर तुम्ही उभे राहून दाखवा, मग बोला."

आतमध्ये साड्या बघणाऱ्या बायांना बाहेरचं हसू ऐकू गेलं. एक उठून बघायला आली. तिची जाऊ आली. मग नणंद आली. भय्यासाहेब साडीचा पदर उलगडून बसले होते, "बघा, हा रंग..." म्हणत वर बघितलं तर समोर कोणीच नाही. अख्खी गादी रिकामी. सगळं दुकान पायरीवर जाऊन बसलेलं.

भय्यासाहेब पदर हातात घेऊन दारात आले. कोणी वळून बघेना. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सुखदा, चलो, एक बार खडे होऊन बघ. काहीतरी धरायला पाहिजे फक्त."

पायरीवर धरायला काही नव्हतं. विनतानं मान वर केली अन् भय्यासाहेबांकडे सरळ बघितलं. आत जिना होता, जिन्याला गुळगुळीत लाकडी कठडा होता, सुखदाच्या कमरेएवढा.

भय्यासाहेब खोकले. त्यांनी आत जाऊन कपाटातून कोरी पांढरी चादर काढली, जिन्यापासून गादीच्या काठापर्यंत स्वतःच्या हातानं अंथरली, सुरकुती काढली. मग बाहेर येऊन म्हणाले, "या आत. ऊन लागतं पोरींना."

सुखदानं फीत घोट्याभोवती गुंडाळली, आतल्या बाजूला गाठ मारली, टोक आत खोचलं. एका हातानं कठडा धरला. विनता बाजूला गुडघ्यावर बसलेली, नजर सगळी त्या फितीवर. श्रीरंग दारात, श्वास धरून.

पोरीनं टाचा उचलल्या. मग पाय उचलला गेला, मग सगळी पोरगीच वर गेली, हळूच, जसा दिवा वात वर केल्यावर उजळतो. बोटांच्या टोकावर उभी राहिली. फीत हलली नाही. इलॅस्टिक सरकलं नाही. टाच बुटातच. सुखदाचा घाबरलेला चेहरा हळूहळू फुलला, अन् तिनं खाली बघून म्हटलं, "आत्या! नाही काचत!"

दुकानात टाळ्या कडाडल्या. पनागरवाल्यानं टोपलीतली काकडी उचलून पोरीच्या हातात दिली, दुसरं काय देणार! शर्मिलाजी गादीवर बसल्या अन् म्हणाल्या, "भैया साहब, वो जो पिंक साड़ी थी न, जूते के रंग की, वो दिखाइए. और फॉल यही दीदी लगाएँगी." मग दुसरीनंही साडी मागितली. आता हा श्रीरंग एवढ्या लोकांत रडला म्हणून कोणी सांगतं, ते खोटं आहे. उदबत्तीचा धूर डोळ्यात गेला होता.

नंतर मोबाईलच्या कव्हरवाला परत आला, जागेचं विचारायला. विनता जिन्याखाली बसूनच ऐकत होती, सुई थांबली होती. भय्यासाहेबांनी त्याला चहा पाजला अन् म्हणाले, "जिन्याखाली जागा नाही. तिथं बॅलेचं काम चालतं." शब्द त्यांनी असा उच्चारला जसा काही तीन पिढ्यांचा धंदा होता.

मग खांडेनवमी आली. दरसाल त्या दिवशी दुकानात कापड मोजायचा गज, कात्री, तराजू धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, अन् त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाही. विनता आपली सुई अन् पिकोची मशीन पुसून घेऊन आली. पाटापाशी पोचली अन् थांबली.

पाटावर गजाच्या शेजारी गुलाबी बुटांचा जोड ठेवलेला. फिती छान गुंडाळून, टोकाला कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. मॅडमचाच जोड, भय्यासाहेबांनी मागून आणलेला.

"पाटावर जोडे?" विनता म्हणाली. "लक्ष्मी काय म्हणेल, भय्यासाहेब?"

"लक्ष्मीला विचारूनच ठेवले," ते म्हणाले, अन् उदबत्ती तिच्या हातात दिली. "तुम्ही ओवाळा. हत्यार तुमचं आहे."

विनतानं ओवाळलं. मग आपली बारीक सुई काढून त्या बुटांच्या बरोबर मधोमध ठेवली, अन् भावाला म्हणाली, "दादा, तुझा दाभण आणला असशीन तर तो पण ठेव. पण लांब ठेव, नेफ्यापासून."